चुन्याच्या डबीचा आवाज

प्राध्यापकांचं रेडिओवरचं पहिलं भाषण आमच्या गावानं साडेतीन मिनिटं ऐकलं.

आमचं गाव म्हणजे माझं जन्मगाव नव्हे. भोसरीच्या पुढं, चऱ्होलीच्या वाटेवर ते होतं आणि तिथल्या शाळेत मी दोन वर्षं मास्तर होतो. पुढं बदली चिंचवडला झाली. बदलीचं कारण एवढंच, की शाळा तपासायला आलेल्या साहेबांची नक्कल मी पोरांना करून दाखवत होतो आणि साहेब दारात उभे राहून ती ऐकत होते. नक्कल उत्तम वठली होती असं माझं आजही मत आहे. बदली झाली तरी रविवारी माझी सायकल आपसूक त्या गावाकडेच वळायची.

सरकारनं त्या गावाला एक रेडिओ दिला होता. चावडीत लाकडी खोक्यात तो कुलपात असे, बाहेर कर्णा टांगलेला, आणि किल्ली तात्यांच्या करगोट्याला. तात्यांनी देहूरोडच्या लष्करी डेपोत दहा वर्षं पहारा केला होता. कुलूप या वस्तूबद्दल त्यांना जेवढा आदर होता तेवढा देवळातल्या देवाबद्दलही नसावा. रोज दिवेलागणीला ते खोकं उघडत, शेतकऱ्यांचा कार्यक्रम लावत, आणि संपला की कुलूप लावून तीनदा हिसडून बघत. पुरुष चावडीत बसून ऐकत. बायका चावडीच्या मागच्या भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन, आपण ऐकतच नाही अशा चेहऱ्यानं सगळं ऐकत.

तर प्राध्यापक. पुण्याच्या एका कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवत. उंच, किडकिडीत, काखेत छत्री, खिशाला दोन पेनं: एक निळं, एक लाल. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला होता आणि त्यामुळं आसपासच्या गावांत घराघरांत काय बदलतंय, याचा अभ्यास त्यांनी मांडला होता. घरात शेवटचा शब्द कुणाचा? जमीन द्यायची की राखायची, पोराला शिकवायचं किती, पोरगी द्यायची कुठं, हे ठरवतं कोण? ते घरोघर फिरून विचारत आणि छापील फॉर्म भरत. एवढं करून ते कपाटात ठेवून देणाऱ्यांतले नव्हते. "मास्तर, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या कानावरच ते गेलं नाही, तर मी हे कुणासाठी करतोय?" असं ते मला म्हणाले होते. असं म्हणणारा प्राध्यापक त्या काळी मी दुसरा पाहिला नव्हता.

म्हणून ते रेडिओवर गेले आणि 'ग्रामीण कुटुंबातील निर्णयप्रक्रिया' या विषयावर बोलले. निर्णयप्रक्रिया हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा तात्यांनी खोकं बंद केलं.

रविवारी मी त्यांना विचारलं, "तात्या, भाषण का हो बंद केलंत?"

"बॅटरी वाचवली, मास्तर."

"अहो, एवढा विद्वान माणूस बोलत होता!"

"म्हनूनच. समोर कोन न्हाई, कोन हुंकार दीत न्हाई, आन् मानूस आपला येकटाच बोलतोय, बोलतोय. आमच्यात अशा मानसाला अंगारा लावत्यात."

हे मी जसंच्या तसं, तात्यांच्या आवाजात, रेडिओवरच्या आमच्या साहेबांना ऐकवलं. मी तेव्हा आठवड्यातून तीनदा शाळा सुटली की चिंचवड स्टेशनवरून पुण्याची गाडी धरत असे आणि शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात शंका काढणारा शेतकरी होत असे. साहेब हसले नाहीत. ते सहसा हसत नसत. म्हणाले, "तात्यांचं बरोबर आहे. भाषण नको. त्या फॉर्मांतली माणसं एकमेकांशी बोलू देत. प्राध्यापक माहिती देतील, तुम्ही तिचं बोलणं करा."

प्राध्यापकांनी एकच अट घातली. "नाव नाही, गाव नाही. ज्यांनी मला घरातलं सांगितलं, त्यांना मी शब्द दिलाय."

"अर्थात!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. छातीवर हात ठेवायची मला फार हौस होती.

माणसं कशी बोलतात ते कानानं ऐकावं म्हणून मी एका रविवारी त्यांच्याबरोबर फिरलो. ते म्हणाले, "आज तुमच्या दादांच्या घरी जाऊ."

दादांना सगळा गाव दादाच म्हणे, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले तात्यासुद्धा. बैल घ्यायचा असो, भावाभावांतला बांध असो, सोयरीक असो, माणूस आधी दादांकडे जाई. दादा पुरतं ऐकून घेत. मग कमरेची चुन्याची डबी काढत, झाकणावर बोटाच्या पेरानं तीनदा वाजवत, टक, टक, टक, आणि म्हणत, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी जे सांगत ते इतकं नेमकं असे, की दादांनी रात्रभर विचार केला असणार असं लोक आदरानं म्हणत.

आम्ही ओसरीवर बसलो. प्राध्यापकांनी फॉर्म काढला. "आपल्या कुटुंबात महत्त्वाचे निर्णय कोण घेतं?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "दादा, घरात शब्द कुणाचा चालतो, असं विचारतायत."

"हे काय इचारनं झालं?"

आतल्या दारातून वहिनींचा आवाज आला, "मालकांचा."

प्राध्यापकांनी निळ्या पेनानं 'पती' असं लिहिलं. तेवढ्यात गोठ्यातल्या खोंडानं दावं तोडलं आणि दादा त्याच्यामागं शेताकडं धावले. वहिनी चहाच्या कपबश्या घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्याशी टेकल्या.

"लिवलं व्हय तुमी? काय लिवलं?"

"निर्णय घेणारी व्यक्ती, पती," प्राध्यापकांनी वाचून दाखवलं.

वहिनी हसल्या. "लिवा, लिवा. कागदाचं काय, त्यो कायबी लिवून घेतो."

प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं. त्या माणसाची हुशारी मला त्या क्षणी कळली. त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही, नुसते थांबले. वहिनींनी एकदा शेताकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "कुनाला सांगनार न्हाई?"

"नाव नाही, गाव नाही," प्राध्यापक म्हणाले. "शब्द देतो."

"मंग आयका. सकाळी न्याहारी वाढताना येक गोष्ट बोलायची. सांगायचं न्हाई हां, नुसतं बोलायचं. अमक्याचा बैल मागल्या पायात जरा वढतोय वाटतं. झालं. पुन्यांदा त्यो इषयच काढायचा न्हाई. सांजच्याला हेच म्हंत्यात, त्यो बैल काय घ्यायच्या लायकीचा न्हाई. मंग आपन येवढंच म्हनायचं, 'बरं सुचलं तुमास्नी.' की आठ दिस गडी खुशीत."

मला एकदम उजेड पडला. "म्हणजे वहिनी, ते लोकांना 'उद्या सांगतो' म्हणतात ते..."

"आज कसं सांगत्याल, मास्तर? न्याहारी नगं का व्हायला?" आणि मग त्या गंभीर झाल्या. "पर ते मला इचारत न्हाईत बरं का. मी इचारूच दीत न्हाई. इचारलं तर त्येंचं काय ऱ्हायलं?"

हे वाक्य आज वीस वर्षांनी मी पुन्हा पुन्हा उलटून बघतो. तेव्हा मात्र माझ्यातला नट टाळ्या पिटत होता.

"आता आमच्या पोरीचंच बगा," त्या म्हणाल्या. त्यांची मुलगी सातवी पास झाली होती, अठरा पुरी होती. पिंपरीच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या आणि खोक्यांत लावायच्या कामावर मुली घेत होते. भोसरीच्या नाक्यावर कारखान्याची मोटार यायची. पोरीनं अर्ज लिहून आरशामागं खोचून ठेवला होता. त्यावर बापाची सही हवी होती आणि महिनाअखेरीच्या आत तो पोचायला हवा होता. गावातून तोवर एकही मुलगी गेली नव्हती. दोन-तीन घरं दादा काय करतात याची वाट बघत होती. "पेरलंय," वहिनी म्हणाल्या. "आठ दिसांत उगवंल. तुमी मातर मधी पाय दिऊ नका."

परतताना प्राध्यापक वाटेत थांबले, लाल पेन काढलं, 'पती' हा शब्द खोडला आणि समासात बारीक अक्षरात बराच वेळ लिहीत राहिले. मग आनंदानं म्हणाले, "मास्तर, माझे सगळे फॉर्म चुकलेत!"

त्यांनी माझ्या हाती जी टिपणं दिली त्यांत वहिनी आणि दादा ओळखू येणं शक्य नव्हतं. गाव नदीपलीकडं नेलं होतं. मुलीचा मुलगा केला होता. बैलाची म्हैस केली होती. कारखान्याचा, अर्जाचा उल्लेखच नव्हता. इतक्या काळजीनं कुणी चोरीचं सोनंसुद्धा लपवत नाही. राहिलं होतं ते फक्त मर्म: लोकांना 'उद्या सांगतो' म्हणणारा नवरा आणि न्याहारी वाढणारी बायको.

आणि मग मी स्टुडिओत गेलो.

ज्यांनी तो जुना स्टुडिओ पाहिला नाही त्यांना सांगतो. जाड दार लागलं की बाहेरचं जग संपायचं. भिंतीवरचा तांबडा दिवा लागला की आपला खोकलासुद्धा जिल्हाभर ऐकू जायचा. बायकोचं काम करणाऱ्या बाई पुण्याच्या पेठेतल्या, घरी शुद्ध तुपासारखं मराठी बोलणाऱ्या. पण मी त्यांना वहिनींचं 'बरं सुचलं तुमास्नी' दहा वेळा म्हणून दाखवलं होतं आणि अकराव्यांदा त्यांनी ते असं म्हटलं, की माझ्या अंगावर काटा आला. प्राध्यापक शेजारी बसून मध्ये मध्ये साधे प्रश्न विचारत होते आणि साध्या शब्दांत सांगत होते, की घरातला शब्द ज्याच्या तोंडून निघतो त्याचाच तो असतो असं नाही. फार छान चाललं होतं. इतकं छान, की मला राहवलं नाही. लिहिलेल्या कागदावर नसलेली एक वस्तू मी खिशात घालून नेली होती. 'उद्या सांगतो' म्हणायची वेळ आली, मी ती काढली, मायक्रोफोनजवळ धरली आणि बोटाच्या पेरानं झाकणावर वाजवली.

टक, टक, टक.

काचेपलीकडून साहेबांनी मान हलवून दाद दिली. ती दाद मला अजून बोचते.

रविवारी गावात शिरलो तर तात्या चावडीच्या पायरीवर माझी वाटच बघत होते. "या, या, नटसम्राट! बॅटरी जाळली बगा त्या दिशी, पुरी जाळली!"

"आवडलं ना, तात्या?"

"आवडलं? अवो, डबी वाजली, तवा मी म्हनलं, आरं, दादा तर हितं बसल्यात, मंग आत कोन वाजवतंय? समदी चावडी दादांकडं बगाया लागली. आन् दादांचा हात बरुबर डबीवर! वाजवायच्या बेतातच हुते." तात्यांनी दम घेतला. "मंग ती बाई म्हनली, बरं सुचलं तुमास्नी. तर चावडीमागं बाया अशा हसल्या, अशा हसल्या, की सुपं पालथी झाली."

"आणि दादा?"

तात्यांचं हसू जरा ओसरलं. "उठून ग्येले. दुसऱ्या दिशी कुनी तरी बियान्याचं इचारलं, तर मागनं येक टारगट म्हनला, 'दादा, उद्या कशापायी? आत्ताच घरात जाऊन या की, आमी थांबतो!' दादांनी डबी कमरंला खोचली. मंग चावडीत हुबं ऱ्हाऊन म्हनले, 'माझी पोरगी कारखान्यात जानार न्हाई. ह्यो माझा शब्द हाय. कुनाला इचारून दिल्याला न्हाई.' तवापासनं चावडीवर आल्याले न्हाईत."

मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. गाव सांगितलं नव्हतं. पण नाव हा माणसाचा सगळ्यात वरचा पापुद्रा असतो हे मला, नकलाकाराला, तरी ठाऊक असायला हवं होतं. कागद नाव लपवतो आणि माणूस लपतो. आवाजाचं तसं नाही. ज्या गावात माणूस अंधारात खोकला तरी कोण ते कळतं, तिथं मी डबी वाजवली होती.

मी सोमवारी पुण्याला जाऊन प्राध्यापकांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शब्द मी दिला होता, मास्तर. तुम्ही नव्हे." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गावात गेलो. दादा मळ्यात होते. वहिनी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी 'या' म्हटलं नाही.

"वहिनी, चुकलो," मी म्हणालो. हात छातीवर नव्हता.

"तुमी खोटं कुटं बोलला, मास्तर? खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. खोडून तरी काडलं असतं." त्या मिरच्या पसरत राहिल्या. "आता ह्येंनी व्हय म्हनलं तर लोक म्हनत्याल, बायकूनं म्हनवलं. म्हनून हे न्हाई म्हंत्यात. पोरगी दोन दिस जेवली न्हाई. आन् मी काय बोलाया ग्येले की हे इचारत्यात, ह्ये बी त्यातलंच व्हय?"

वीस वर्षांचं हत्यार मी एका डबीनं बोथट केलं होतं. जोवर कुणी बघत नव्हतं तोवरच ते चालत होतं.

प्राध्यापकांनी हात जोडले. "मी रेडिओवर जाहीर माफी मागतो."

"कुनाची?"

"तुमच्या यजमानांची."

"नाव घिऊन? का न घेता?"

प्राध्यापकांनी जोडलेले हात खाली घेतले.

"न घेता मागितली तर ज्येला अजून कळलं न्हाई त्येलाबी कळंल. घिऊन मागितली तर चऱ्होलीपतुर कळंल. ऱ्हाऊ द्या तुमची माफी." मग मिरच्यांशीच बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, "ह्येंचा तर आता दुसऱ्या कुनावर रागच न्हाई, त्या रेडिओतल्या गड्यावर हाय. त्यो पूर्वंला ग्येला तर मी पच्छिमंला जाईन म्हंत्यात. कर्ण्याचा आवाज हितं वसरीवर येतोय, तर कान टवकारून बसत्यात, त्यो पुन्यांदा बोलतोय का बगायला." आणि प्राध्यापकांना, "सायेब, पोरींना कारखान्यात धाडाया न्हाई म्हननारे बाप लई असत्याल न्हवं तुमच्या कागदांत?"

"आहेत. बरेच आहेत."

"असत्यालच," वहिनी म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

परतताना प्राध्यापक माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसले होते, छत्री मांडीवर आडवी. गावाबाहेर ओढ्याच्या उतारावर माझ्या डोक्यात वीज चमकली आणि मी दोन्ही ब्रेक दाबले. प्राध्यापक छत्रीसकट वाळूत उतरले.

"सुचलं!" मी ओरडलो. "रेडिओतला तो गडी पुन्हा आणायचा! तीच डबी, तोच आवाज. पण या वेळी तो हट्टी. पोरीला कारखान्यात धाडणार नाही म्हणणारा. बायको म्हणते धाडा, तर हा म्हणतो, लोक मला बायकोच्या तंत्रानं चालणारा म्हणतील, म्हणून नाही! दादांना त्या गड्यासारखं व्हायचं नाहीये ना? मग ते काय करतील?"

प्राध्यापक धोतराची वाळू झटकत होते. "ही कल्पना तुम्हाला आत्ता सुचली, मास्तर?"

"आत्ता! इथं! तुमच्यासमोर!"

"हं," ते म्हणाले. त्यांनी वही काढली, लाल पेनानं एक ओळ लिहिली आणि पुन्हा कॅरियरवर बसले.

एक मात्र त्यांनी केलं. 'गोष्ट सोयीची आहे म्हणून खरी नसते' असं म्हणत त्यांनी घरी जाऊन सगळे फॉर्म पुन्हा चाळले. लोक काय म्हणतील या एका भीतीनं नाही म्हणणारे बाप त्यात खरोखर होते, एका गावात नव्हे, सगळ्या गावांत. तेव्हाच त्यांनी होकार दिला. त्यांचं म्हणणं मला पटलं आणि आजही पटतं. पहिल्या वेळी आम्ही एक खरी गोष्ट हवेत सोडली होती. दुसऱ्या वेळीही खरीच सोडली. फरक एवढाच, की ती कुठल्या ओसरीवर ऐकली जाणार आहे याचा या वेळी विचार केला होता.

तो कार्यक्रम मी जीव तोडून केला. डबी वाजवली. "माझ्या घरात माझा शब्द हाय!" असं इतकं ठासून म्हणालो, की पेठेतल्या बाईंना हसू आवरेना. त्यांनी तोंडाला पदर लावून पुढचं वाक्य म्हटलं, "आवो पर तुमाला सोताला काय वाटतं?" आणि माझा गडी म्हणाला, "मला काय वाटतं ते लोकांना इचारून सांगतो." प्राध्यापक शेवटी एवढंच बोलले, की बायकोचं ऐकणाऱ्याला आपण हसतो, पण लोकांना भिऊन घर चालवणाऱ्याला कुणी हसत नाही, हे मला गावोगाव दिसलं.

अर्ज पोचायला तीन दिवस उरले होते.

तात्यांनी नंतर सांगितलं, की चावडीत आधी हशा झाला आणि मग कुणीतरी म्हणालं, आपले दादा असले न्हाईत, राव. दुसऱ्या दिवशी दादा चावडीवर आले, खांबाला टेकून बसले आणि कुणी न विचारता म्हणाले, "पोरगी सोमवारपासनं जानार. लोकांना इचारून घर चालवायला मी काय त्यो रेडिओतला येडा न्हाई." सही त्यांनी चावडीतच केली, सगळ्यांदेखत. त्या मुलीपाठोपाठ पावसाळ्याच्या आधी आणखी दोघी भोसरीच्या नाक्यावर मोटारीची वाट बघत उभ्या राहिल्या.

पुढच्या रविवारी दादांनी मला स्वतः हाक मारून ओसरीवर बसवलं. शेजारच्या आळीतला एकजण आधीच आला होता, म्हशीचं काही विचारायला. दादांनी डबी काढली. बोट झाकणावर आलं. दादांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि मग ठणठणीत वाजवली. टक, टक, टक. "उद्या सांगतो."

तो गेल्यावर मला म्हणाले, "मास्तर, तुमचा त्यो रेडिओतला गडी. पयल्यांदा बायकूच्या तंत्रानं चालला, मंग लोकांच्या. त्येला सोताचं डोस्कंच न्हाई. जरा सुदरवा त्येला."

"सुधारतो, दादा."

वहिनी चहा घेऊन आल्या. आत मुलगी डोक्याला नवा रुमाल कसा बांधायचा ते आरशात बघत होती. आरशामागचा कागद गेलेला होता. वहिनींनी कप माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "तुमी डोस्कं चालवलं म्हनून झालं. बरं सुचलं तुमास्नी."

मला काय आनंद झाला म्हणता! आपली करामत कुणाला तरी कळली. मी चहा प्यालो, निरोप घेतला, सायकलवर टांग टाकली आणि शीळ घालत निघालो. ओढ्याच्या उतारावर पोचलो आणि एकाएकी दोन्ही ब्रेक दाबले. या वेळी मागं कॅरियरवर कुणी नव्हतं.

सोमवारी पुण्याला गेलो तो थेट प्राध्यापकांच्या खोलीत. "त्या दिवशी ओढ्याच्या वाळूत तुम्ही वहीत काय लिहिलंत?"

त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं.

"तसं सांगता येत नाही, मास्तर," ते म्हणाले. "नाव नाही, गाव नाही."